सातवा रकाना

टॉवेलात गुंडाळलेला काचेचा कंडेन्सर दोन्ही हातांनी सांभाळत मी तळघरात उतरले, तेव्हा दारातच तो म्हणाला, "उपचार की अंत्यदर्शन?"

"उपचार," मी म्हटलं. "पण... जरा लवकर."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि तो आमच्या संस्थेचा काचकारागीर. चार वर्षं एकाच इमारतीत होतो – मी तिसऱ्या मजल्यावर, तो तळघरात – आणि एकमेकांना कधी नीट पाहिलंही नव्हतं. त्याने जांभळट चष्मा लावला, ज्योत वाढवली. तडकलेली नळी हळूहळू मऊ झाली, मधासारखी वळली... आणि तडा कुठे होता ते मला सापडेना. बाहेर पाऊस होता. छताजवळच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त ओले पाय दिसत होते.

"आता भट्टीत हळूहळू निवू दे. घाई केली की पुन्हा तडकते," तो म्हणाला. "संध्याकाळी या."

मी वळले, तेवढ्यात टेबलावरचा कागद दिसला. चार ओळी. शेवटची ओळ – 'काचकाम येते.'

"हे काय?"

"बायोडेटा. ही कार्यशाळा तीन महिन्यांनी बंद होतेय. दुसरीकडे अर्ज करायचाय."

"आणि 'काचकाम येते', एवढंच?"

"येतं ना!"

"अहो, मी तीन निवड समित्यांवर बसलेय. असा कागद आला की आम्ही त्यावर चहाचा कप ठेवतो."

"म्हणजे अगदीच वाया जात नाही."

हसू आवरत मी खुर्ची ओढली. दुसऱ्या दिवशीही ओढली. मग जेवणाची सुट्टी तळघरातच जाऊ लागली.

"तुम्ही कोण आहात ते नको. काय केलंत ते लिहा," मी सांगत असे. "वर्षाला किती वस्तू दुरुस्त करता?"

"मोजल्या नाहीत."

"मग मोजू."

डोक्याला डोकं लावून आम्ही त्याच्या वहीतल्या वर्षभराच्या नोंदी मोजल्या. चारशे बारा. त्यातल्या अकरा परत आलेल्या.

"अकराही लिहायच्या?" तो दचकला.

"लिहायच्या. जो आपल्या अकरा चुका सांगतो, त्याच्या बाकीच्या चारशे एकवर समितीचा विश्वास बसतो. आणि... हे मधलं दीड वर्ष रिकामं का?"

"आई आजारी होती. ते काय लिहायचं?"

"एका ओळीत लिहा. मोकळी जागा दिसली की लोक ती आपल्या मनाने भरतात."

त्याने ती ओळ लिहिली. "आता बरी आहे ती. तुमच्याबद्दल विचारत असते."

"माझ्याबद्दल?"

"म्हणजे... बायोडेटाबद्दल."

घरी ताईचा फोन आला. "अगं, एका पानाला तीन आठवडे? शिवते आहेस की उसवते आहेस?"

मी विषय बदलला. ताई फोनवरच खुदकन हसली.

मग मुलाखतीचा सराव. मी टेबलापलीकडे ताठ बसायची, तो समोर.

"तुमची एक उणीव सांगा."

"ज्या माणसाशी बोलायचं असतं, तो सोडून सगळ्यांशी बोलतो."

"कामातली उणीव!"

"हं... घाईचं काम आलं की नाही म्हणता येत नाही."

"ती सुधारायला काय करता?"

"कोण घेऊन येतं त्यावर आहे."

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. अक्षर माझंच होतं, पण एक शब्द वाचता येईना. "विषयाला धरून बोला," मी म्हटलं. "माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा. आणि शेवटी आपणही एक प्रश्न विचारायचा."

"कोणताही?"

"कामाबद्दल."

"मग राहू दे."

जाहिरात एका मोठ्या संस्थेची होती. मोठी भट्टी, हाताखाली शिकणारी मुलं, पुढे बढतीची वाट. आणि गाडीने सहा तासांवर. पान जितकं चांगलं होत होतं, तितका तो लांब जात होता. हे समीकरण मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तरी मी एक ओळही मुद्दाम कच्ची ठेवली नाही.

अर्ज गेला. त्याने दोन जाणकारांची नावं दिली होती – त्याचे निवृत्त उस्ताद आणि मी. माझ्याकडे अभिप्रायाचा फॉर्म आला. कौशल्य, सचोटी, शिकवण्याची हातोटी... सहा रकाने मी आकड्यांसकट भरले. मग सातवा.

'उमेदवाराशी आपले वैयक्तिक हितसंबंध आहेत का? हो / नाही.' खाली बारीक अक्षरात – 'हो' असल्यास अभिप्राय ग्राह्य धरला जाणार नाही.

अशा रकान्यात मी आजवर विचार न करता 'नाही' लिहीत आलेय. पेन टेकवलं... आणि ते तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. 'नाही' लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण जे रीडिंग येतं तेच लिहायचं, एवढी एकच गोष्ट मी मनापासून शिकलेय.

फॉर्म घेऊन मी खाली गेले.

"मला हा भरता येणार नाही."

त्याने ज्योत बंद केली. त्याचा चेहरा उतरला. "माझ्या कामात काही...?"

"कामात काही नाही. सातवा रकाना वाचा."

त्याने वाचला. पुन्हा वाचला. खिडकीबाहेरून कुणाचेतरी पाय सावकाश गेले.

"इथे 'नाही' लिहिलं तर?"

"ते खोटं ठरेल."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग अगदी हळू – "कधीपासून?"

"नेमकी तारीख... नाही सांगता येणार."

"मला कुणी फॉर्मच दिला नाही," तो म्हणाला. "नाहीतर मी समासातसुद्धा 'हो' लिहिलं असतं."

कान गरम झाले होते, तरी मी घड्याळ पाहिलं. "उद्या शेवटची तारीख आहे. दुसरं कुणीतरी हवं."

विभागप्रमुख मॅडमची निम्मी उपकरणं त्याच्याच हातची होती. पण त्या कडक. आम्ही दोघं त्यांच्या टेबलापुढे उभे राहिलो.

"आयत्या वेळी जाणकार का बदलताय?"

मी घसा खाकरला. त्याने मला थांबवलं. थोडक्यात आणि खरं बोलायचं, हे त्याला पाठ होतं.

"मॅडम, यांना माझ्याबद्दल तटस्थ राहता येत नाही. मलाही यांच्याबद्दल."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि याला सहा तास लांब पाठवायची तयारी तूच करून घेतलीस?"

"हो, मॅडम."

"धन्य आहेस बाई," असं म्हणत त्यांनी कोरा फॉर्म पुढे ओढला आणि सहा रकाने स्वतः भरले. सातव्या रकान्यात त्यांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं आणि सही केली.

जिन्यावर कुणी नव्हतं. तो दोन पायऱ्या पुढे होता.

"तिथे पाण्याची प्रयोगशाळा आहे?" त्याने मागे न पाहता विचारलं.

"आहे."

"जागा?"

"आत्ता नाही. एकजण निवृत्त होतायत... तेरा महिन्यांनी."

तो थांबला. "हे कधी शोधलंत?"

"जाहिरात वाचली, त्याच दिवशी."

तो दोन पायऱ्या परत चढून आला. त्याने माझा हात हातात घेतला. त्याची बोटं ज्योतीने राठ झालेली, आणि ऊबदार.

"मग तेव्हाच सांगायचंस ना गं," तो म्हणाला.