हॉथॉर्नची फांदी

अक्षय्य तृतीयेला देवापुढे फुलं नकोत का? म्हणून आयर्लंडमधल्या ट्रली गावाबाहेरच्या माळावर एकट्याच उभ्या असलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाची फुलांनी पांढरीशुभ्र झालेली फांदी मी मोडून आणली... आणि घरमालकीण नोरानं मला दारातच अडवलं.

"हे घरात आणायचं नाही, रेवा! ते 'त्यांचं' झाड आहे. जा, परत देऊन ये."

'त्यांचं' म्हणजे झाडाखाली राहणाऱ्या, न दिसणाऱ्या लोकांचं. मी सॉफ्टवेअरवाली, पण कुतूहल हा माझा जुना आजार. गेले परत.

झाडाजवळ एक उंच तरुण टेपनं मापं घेत होता. मी फांदी बुंध्याशी ठेवून हळूच पुटपुटले, "सॉरी हं... माफ करा."

"केलं माफ," तो चक्क मराठीत म्हणाला!

मी दचकलेच. "तुम्ही... त्यांच्यापैकी?"

"मी नागपूरचा. चारुदत्त." ओठ गंभीर, डोळे मात्र हसत होते.

शेजारच्या मेडिकल डिव्हाइस प्लांटचं पार्किंग वाढवायचं काम त्याच्याकडे होतं. झाड आडवं येत होतं आणि दोन कंत्राटदार 'त्यांच्या' भीतीनं करवत न काढताच परत गेले होते.

"तिसरा पुढच्या शुक्रवारी येतोय. झाड पडलं की माझं इथलं काम संपलं. मग ड्रोहेडाला, देशाच्या दुसऱ्या टोकाला."

त्यानंतर मी रोज लंच ब्रेकमध्ये तिथेच. लॉकडाऊनमुळे कॅफे बंद, म्हणून गवतावर बसून थर्मासमधला चहा — आणि माझे प्रश्न. आइसलंडमधले असले न दिसणारे लोक म्हणे दगडांत राहतात, मग इथले झाडाखाली का? पाऊस आला की कुठे जातात?

"आणि तू गेलास की..."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. वाक्य मात्र मी पूर्ण केलं नाही.

गुरुवारी तो उशिरा आला. केस भिजलेले.

"मॅनेजरला सांगितलं, झाड नाही पाडायचं. नकाशा मी नव्यानं काढतो. चार गाड्या कमी बसतील, दोन महिने जास्त लागतील."

"मग?"

"म्हणाला, ग्रँड, चालेल. पण इंजिनिअर असून तुझा 'त्यांच्या'वर विश्वास? मी म्हटलं, आहे."

"चक्क थाप मारलीस!"

"थाप कशी? या झाडापाशी कोणीतरी येतं... मी रोज बघतो ना." त्याचे कान लाल झाले होते. "ती यायची थांबली, तर मला करमणार नाही, रेवा."

आज माझ्याकडे प्रश्न नव्हता, उत्तर होतं.

"तू मला आवडतोस, चारुदत्त," मी कशीबशी म्हणाले. "नकाशा... जरा सावकाशच काढ."