बल्खाशच्या बर्फावरची हाक

तलावाकाठच्या बल्खाश गावी बदली होऊन आल्यावर सुरुवातीला दोसबोल नुसता कुढत होता. रेल्वेच्या सिग्नल खात्यातला माणूस. त्याचं गाव जेतिसाय, म्हणजे उन्हाचा आणि खरबुजांचा मुलूख. आणि इथं? चहूकडे उजाड माळ, हाडं फोडणारा वारा आणि समोर राखाडी तलाव. रोज संध्याकाळी तो बायकोला सांगायचा, "उद्या परत बदलीचा अर्ज टाकतो." कामशात म्हणायची, "टाक. आधी जेवून घे."

जेवणानंच त्याला वळवलं म्हणायचं. एके दिवशी हमरस्त्यावरच्या बायकांकडून कामशातनं धुरावलेला मासा आणला. सोनेरी, तेलानं चकाकणारा. दोघांनी पोळपाटाएवढा तो मासा वर्तमानपत्रावर ठेवून हातानं खाल्ला, बोटंसुद्धा चाटली. मग शेजारचा काबदेशदादा ओळखीचा झाला. तांब्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ पण मनाचा राजा. त्यानं अंगणात कोकताल केलं: पाठीतून चिरलेला मासा, वर कांदा-टोमॅटो, लोखंडी पेटीत विलो झाडाच्या लाकडाचा धूर. दोसबोलनं तीनदा मागून घेतलं, तेव्हा काबदेश म्हणाला, "खरबूजराव, नुसतं खायला येतं की पकडायलाही?"

त्या दिवसापासून दोसबोलचं नाव खरबूजराव पडलं, आणि त्याला बर्फावरच्या मासेमारीचं वेडही लागलं. गोठलेल्या तलावात गिरमिटानं भोक पाडायचं, खोक्यावर बसायचं, वीतभर काठीला गळ बांधून खाली सोडायचा आणि गप्प राहायचं. अर्जाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

थंडी सरत आली होती, तेव्हाची गोष्ट. शनिवारची दुपार. कामशातनं दोघांना गाडीतून खाडीवर सोडलं आणि स्वतः काठावर गाडीत विणत बसली. बर्फावर उतरताना काबदेशनं बजावलं, "त्या वेताच्या बेटापलीकडे जायचं नाही. तिकडे प्रवाह आहे. वरून बर्फ दिसतो, पण खाली पोकळ."

"आणि तुम्ही कुठं बसणार?"

"तुझ्यापासून लांब. तू बडबडतोस, मासे पळतात."

वारा पडलेला होता. दोसबोलला दोन मासे लागले, तिसरा निसटला. त्यानं थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि मान वर केली, तर काठ दिसेना. काबदेश दिसेना. बर्फावरून धुकं सरकत आलं होतं, सावकाश, एखाद्यानं चादर ओढावी तसं. बघता बघता त्याला स्वतःचे बूटही पुसट दिसू लागले. ओल्या लोखंडासारखा वास येत होता. आवाज म्हणाल तर एकही नाही. फक्त बर्फ मधूनच कण्हल्यासारखा करत होता.

"काबदेशदादा!" त्यानं हाक मारली.

जरा वेळानं उत्तर आलं. "दोसबोल... इकडे ये..."

आवाज काबदेशचाच. तोच घोगरेपणा, तोच कफ. दोसबोल हायसं वाटून उठला आणि चालू लागला.

"दोसबोल... इकडे... इथं खूप मासे आहेत..."

पावलाखाली काहीतरी पचपचलं. बूट घोट्यापर्यंत ओला झाला. समोर धुक्यात काळपट काड्या दिसल्या. वेत! तो बेटाच्या पार कडेला येऊन पोचला होता, आणि आवाज बेटाच्या पलीकडून येत होता.

तो जागच्या जागी थिजला. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की, पहिल्या कोकतालपासून आजपर्यंत काबदेशनं त्याला नावानं हाक मारलेली नव्हती. एकदाही नाही.

"दोसबोल... इकडे ये..."

प्रत्येक वेळी तेच शब्द, तोच चढउतार. मध्ये श्वास घेतल्याचा आवाजच नाही.

  तेवढ्यात पाठीमागून, दुरून, गाडीचा हॉर्न वाजला. लांबलचक, चिडलेला. पुन्हा वाजला. पुन्हा. दोसबोल वळला आणि त्या आवाजाच्या दिशेनं पाय ओढत निघाला. पळायची छाती नव्हती, बर्फ करकरत होता. मागची हाक मात्र लांब जात नव्हती. तो जितका चालला, तितकीच ती मागं मागं आली.

अचानक पुढ्यात एक आकृती उभी राहिली.

"कोण?" दोसबोल कसाबसा म्हणाला.

"तुझा बाप! कोण म्हणून काय विचारतोस, खरबुजा?"

दोसबोलनं त्याला मिठीच मारली. काबदेशची दाढी गोठली होती. तो कानाशी लागून म्हणाला, "तूच बोलवत होतास ना मला? बेटाकडून... मी निघालोही होतो. मग म्हटलं, हा ऐतखाऊ गडी खोकं सोडून एवढ्या लांब कशाला जाईल?"

दोघं एकमेकांची बाही घट्ट धरून, हॉर्नच्या रोखानं चालत काठाला लागले. पायाखाली दगडगोटे लागले, तेव्हा काबदेश खाली बसला आणि त्यानं माती मुठीत घेतली. दोसबोलला हसू येत होतं आणि रडूही. गाडीत ऊब होती. कामशातनं त्याचे बूट ओढून काढले, पाय मांडीवर घेऊन चोळले, वर दोघांना शिव्या घातल्या. मग डब्यातले बाउरसाक निघाले, गोड चहा निघाला. तळलेल्या त्या साध्या पिठाच्या गोळ्यांची अशी चव दोसबोलनं जन्मात चाखली नव्हती.

"वहिनी," काबदेश तोंडातला घास गिळत म्हणाला, "तुमच्या हॉर्ननं वाचलो बरं का आज. उद्या कोकताल माझ्याकडे."

"मी तर वाजवणं थांबवणारच होते," कामशात म्हणाली. "हाच ओरडत होता ना सारखा, बंद कर, बंद कर, मासे पळतात म्हणून."

"मग?" दोसबोलनं विचारलं.

"मग काय? तुझं मी कधी ऐकते का?"

काबदेश खदखदून हसला. दोसबोलही हसला. हसता हसता तो थांबला.

"कामशात... मी नव्हतो ओरडलो."

"नव्हतास कसा? चांगला जवळून ओरडलास."

"तलावाकडून?"

कामशातनं कप खाली ठेवला. तिनं आरशातून मागच्या काचेकडे पाहिलं.

"नाही रे," ती हळूच म्हणाली. "मागून. रस्त्याकडून... आपल्या घराच्या बाजूनं."