लाल जागेवरचा दिवा

खेळकपाट बंद होतं आणि तरीही ते वीज खात होतं.

हे टिपणीसांमुळे कळलं. टिपणीस म्हणजे शर्वरीच्या घरातली भिंतीवरची एक पाटी. घरातल्या कोणत्या जागी किती वीज जाते ते ती टिपून ठेवायची आणि विचारलं की बोलून सांगायची, म्हणून आजोबांनी तिला हे नाव दिलं होतं. साताऱ्याजवळच्या डोंगरउतारावर वसलेल्या त्या वसाहतीत बाहेरून वीज येतच नसे. दिवसभराच्या उन्हाची वीज प्रत्येक घराच्या बॅटरीत साठायची आणि रात्रभर घर तिच्यावर चालायचं.

भाद्रपद संपत आला होता. चार दिवस आभाळ भरलेलं होतं, आणि त्या सकाळी आईचा फ्रीज केकाटायला लागला. आई गुरांची डॉक्टर. त्या फ्रीजमध्ये चार गावांतल्या जनावरांच्या लशी होत्या. बॅटरी तळाला गेली होती. आणखी तासभर कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर सगळ्या लशी फेकून द्याव्या लागल्या असत्या.

आईने टिपणीसांना विचारलं, वीज गेली कुठे?

"खेळकपाट," टिपणीस शांतपणे म्हणाले. "कुणी खेळत नसताना बावीस वॅट. रात्रंदिवस."

खेळकपाट शर्वरीने आणि आजोबांनी मिळून केलं होतं. आजोबांच्या लहानपणी मोठ्या शहरांतून आर्केड असायची (उभं राहून दांडा आणि बटणं वापरून खेळायच्या यंत्रांची जागा). तसं एक यंत्र त्यांनी जुन्या लाकडी कपाटातून घडवलं. आत संगणक, वर स्क्रीन, खाली आवाजाचा अँप्लिफायर, कपाळावर दिव्यांची पाटी आणि हवा खेळती ठेवायला एक पंखा. बटणांची भोकं शर्वरीने स्वतः पाडली होती. त्यातलं एक जरा तिरकं गेलं होतं आणि आजोबांनी ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं.

आई रागावली नाही. तिने नुसतं सांगितलं, की खंडेनवमीपर्यंत मुदत आहे. तोवर हे थांबलं नाही, तर कपाट खोलायचं आणि त्याचा स्क्रीन दवाखान्यात न्यायचा.

"मी रोज बंद करते गं," शर्वरी म्हणाली.

"काय बंद करतेस?" आजोबांनी विचारलं.

ती पुढचं बटण दाबून संगणक बंद करत होती. बाकीच्या चौघांचे, म्हणजे स्क्रीन, अँप्लिफायर, दिवे आणि पंखा यांचे स्विच कपाटाच्या मागे, भिंतीलगत होते. तिथवर पोचायला शर्वरीचा हात तोकडा आणि आजोबांचा गुडघा कुरकुरणारा. शिवाय बटणाने बंद केलेलं यंत्रही पुष्कळदा पूर्ण बंद नसतं. पुन्हा कधी हाक येईल म्हणून ते एक कान उघडा ठेवून झोपतं, आणि त्या उघड्या कानालाही थोडी वीज लागते. संगणक झोपेत तीन वॅट घेत होता. बाकीचे एकोणीस इतर चौघे मिळून.

आजोबा पूर्वी विजेची मापनयंत्रं बनवायचे. त्यांनी माळ्यावरच्या ट्रंकेतून एक लांबट पट्टी काढली. तिच्यावर प्लग लावायच्या सहा जागा होत्या: एक लाल, चार पांढऱ्या, एक हिरवी.

"आपण पंगतीला बसतो, तेव्हा जेवण कधी सुरू होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांत मोठ्या माणसाने पहिला घास घेतला की."

"बरोबर. ही लाल जागा त्या मोठ्या माणसाची. पांढऱ्या जागांवर बाकीची मंडळी. लाल जागेवरचा जेवायला लागला, की ही पट्टी बाकीच्यांना वाढते. तो उठला, की सगळ्यांची पानं उचलते."

पण मोठा माणूस जेवायला लागला हे पट्टीला दिसतं कसं, तिला डोळे तर नाहीत, असं शर्वरीने विचारल्यावर आजोबांना फार बरं वाटलं. पट्टी कशालाही जोडलेली नाही हे त्यांनी दोनदा तपासलं, मग पाठीचे स्क्रू काढले. लाल जागेकडे जाणारी तार एका छोट्या कड्यातून ओवलेली होती. कड्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे शेकडो वेढे होते.

तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं (जिथे चुंबकाचा प्रभाव जाणवतो ती जागा), आजोबा सांगू लागले. घरातली वीज एका दिशेने वाहत राहत नाही. सेकंदाला पन्नास वेळा ती पुढे जाते आणि मागे येते. त्यामुळे ते क्षेत्रही सारखं बदलत राहतं. आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेढे ठेवले, की त्या वेढ्यांतही थोडीशी वीज जागी होते. मोठी वीज वाढली, की ही छोटीही वाढते. पट्टी या छोट्या विजेवरून मोठीचा अंदाज घेते.

"म्हणजे तारेला हातसुद्धा न लावता?"

"हातसुद्धा न लावता."

"पण संगणक झोपेत तीन वॅट घेतोच की. मग पट्टीला वाटेल, जेवण चालूच आहे."

आजोबा तिच्याकडे बघून हसले. "मोठ्या माणसाने नुसतं पाणी प्यायलं, तर तू जेवायला लागतेस का?"

नाही. घास घ्यावा लागतो. पट्टीलाही तसंच शिकवावं लागतं. त्याला उंबरठा म्हणतात (ज्या मापाच्या वर गेल्यावरच काम सुरू होतं ते माप). संगणक झोपेत तीन वॅट घेतो आणि खेळताना सत्तर. आजोबांनी एक बारीक स्क्रू फिरवून उंबरठा वीसवर ठेवला. वीज वीसच्या वर गेली, की रिले (विजेच्या इशाऱ्याने आपोआप उघडझाप करणारा स्विच) टक्कन बसतो आणि चारही पांढऱ्या जागांना वीज मिळते. हिरवी जागा मात्र या पंगतीत नाही. ती कायम जागी असते. तिथे काही लावायचं नव्हतं, ती रिकामी राहिली.

त्यांनी संगणक लाल जागेवर आणि बाकीचे चौघे पांढऱ्या जागांवर जोडले. शर्वरीने बटण दाबलं. संगणक घुमला, आणि क्षणभराने टक्. स्क्रीन, आवाज, पंखा, कपाळावरचे दिवे, सगळे एकदम. खेळ संपवून तिने संगणक बंद केला तेव्हा पुन्हा टक्, आणि कपाट अंधारलं. टिपणीस म्हणाले, चार वॅट. तीन झोपलेल्या संगणकाचे, एक पट्टीचा स्वतःचा.

रोज चारच यायचे. शर्वरी दिवस मोजत होती.

खंडेनवमीच्या सकाळी ती शेजारून आणखी झेंडूची फुलं घेऊन आली, तेव्हा आईने घरातल्या हत्यारांची पूजा मांडून ठेवली होती. स्टेथोस्कोप, आजोबांचे पाने आणि पकडी, विळी, सगळ्यांना हळदकुंकू. खेळकपाटालाही फूल वाहिलं होतं आणि त्याच्या पुढ्यात एक इवलासा विजेचा दिवा तेवत होता. शर्वरीला आतून हलकं वाटलं. पण आई वचनाची पक्की होती. तिने टिपणीसांना विचारलं.

"सहा वॅट."

सहा कसे? शर्वरीने बटण दाबलं. आत संगणक घुमला. टक् मात्र झालं नाही. स्क्रीन काळा, दिवे काळे.

"झोपूनच राहिलं तर वीज खाणार नाहीच म्हणा," आई म्हणाली.

आजोबा खुर्चीतून उठायला लागले, पण शर्वरीचा चेहरा पाहून परत बसले.

ती डोळे मिटून मोजत होती. संगणक घुमतोय, म्हणजे त्याला वीज मिळतेय. टक् झालं नाही, म्हणजे कड्यातून वीसच्या वर वीज गेलीच नाही. मग संगणकाची वीज कड्यातून जातच नसणार. आणि ते जास्तीचे दोन वॅट? तिने पुढ्यातल्या दिव्याकडे पाहिलं. त्याची वायर कपाटामागे गेली होती.

"आई, दिव्याचा प्लग कुठे लावलास?"

"लाल जागेवर. तिथला काढून हिरव्यात लावला." तिने दिव्याकडे हात केला. "तुमचं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. लाल जागा मोठ्याची म्हणालात ना बाबा? मग पूजेत दिव्यापेक्षा मोठं कोण?"

आजोबांना इतकं हसू आलं, की त्यांना चष्मा काढावा लागला.

"अगं, दिवा मोठा आहेच," शर्वरी म्हणाली, "पण तो दिवसभर नुसतं पाणी पितो. दोन वॅट. पंगत बिचारी ताटकळत बसली."

आईचा हात लांब होता. शर्वरीने बटण बंद केलं, आईने भिंतीवरचा मुख्य स्विच बंद केला आणि शर्वरी सांगेल तसे प्लग बदलले. संगणक लाल जागेवर, दिवा हिरव्या जागेवर. मग शर्वरीने बटण आईलाच दाबायला लावलं.

टक्.

कपाळावरचे दिवे लागले, तसं झेंडूचं फूलही उजळलं. आई तीन डाव खेळली आणि तिन्ही हरली. तिरक्या बटणाला तिने नावं ठेवली, पण खोलायचं नाव काढलं नाही. उलट दवाखान्यातल्या संगणकाला छपाईयंत्र आणि स्क्रीन असंच जोडता येईल का, हे तिने शर्वरीला विचारलं. फ्रीज तेवढा कायम हिरव्या जागेवर, शर्वरीने बजावलं. वसाहतीत अठ्ठावन्न घरं होती. प्रत्येक घरात एक कान उघडा ठेवून झोपलेली किती यंत्रं असतील, याचा हिशेब ती मनात मांडायला लागली होती. आजोबांच्या ट्रंकेत कडी अजून बरीच होती.

खेळ थांबला. टक्. आईने सवयीने टिपणीसांना विचारलं.

"सहा वॅट."

शर्वरीने आईकडे पाहिलं.

"दोन दिव्याचे आहेत," आई म्हणाली. "आज राहू देत."