चौथा पाय

पाणसळीतला बुडबुडा खोटं बोलत नाही. हे वाक्य मी आजवर तीनदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून बोलले आहे.

*

दोरीला बांधलेला स्टीलचा चमचा. जमिनीपासून दोन फुटांवर.

*

सिनेमागृहाच्या जमिनीला उतार असतो तो पुढच्याचं डोकं मागच्याला आडवं येऊ नये म्हणून. खुर्च्या काढल्या तरी उतार राहतो. बोल्टांची भोकंही राहतात.

*

गवतात चार चौकोनी खुणा. मधोमध मांडी घालून बसलेला नऊ वर्षांचा मुलगा. "मी ठोकलं होतं," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

*

आईने फोनवर विचारलं, "किती ताटं घेऊ?"
मी म्हटलं, "तीन. दादाला घेऊनच येते."

*

बाबा गेले आणि मागे डबा राहिला. डबा म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची आमची कॅरॅव्हॅन. सात मीटर लांब, दोन चाकांवर उभी, आत चार जणांची झोपायची सोय, एक शेगडी आणि बाबांनी स्वतः ठोकून बसवलेली फळ्यांची कपाटं. बाबा होते तोवर ती घरासमोर असायची. यंदा रस्त्यावर अशा गाड्या ठेवायला बंदी आली आणि शोधता शोधता ते बंद पडलेलं सिनेमागृह सापडलं. तिथे आता लोक होड्या, जुन्या मोटारी, लग्नाचे मांडव असलं काहीबाही ठेवतात.

मी कललेल्या इमारती मोजते. भिंत किती झुकली, जमीन कुठे खचली, राहायला धोका आहे की नाही, हे लिहून देणं माझं काम. त्यामुळे "उतारावर डबा ठेवायचा तर तू हवीसच" असं दादा म्हणाला, तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. चार महिन्यांपूर्वी वहिनीशी बिनसून तो घराबाहेर पडला होता आणि कुठे झोपतो ते कुणाला धड माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "डोक्यावर छप्पर आहे." आईकडे एकदाही जेवायला आला नव्हता. गेल्या आठवड्यात मात्र त्याने तिला फोन करून बाबांचं घड्याळ तू ठेव, मला नको, असं सांगितलं. ते ऐकल्यापासून आईला झोप नव्हती.

"त्याच्या मनात असो नसो," ती मला म्हणाली, "आज तो माझ्यासमोर बसून जेवला पाहिजे."

दुपारी तीन वाजता आम्ही पोचलो. त्याच्या मोटारीच्या मागच्या सीटवर उशी होती, पांघरूण होतं, दाढीचं सामान होतं. मी बघितलं. मी बघितलंय हे त्याने बघितलं. 

किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो माणूस पूर्वी तिथेच सिनेमा दाखवायचा. सगळे त्याला अजून ऑपरेटर म्हणतात. त्याने वरच्या अंगाचं शटर उचललं. आत चार ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी. जमीन आमच्या पायांपासून निघून अंधारात पडद्याच्या पांढऱ्या भिंतीपर्यंत उतरत गेली होती. वास ओल्या पुठ्ठ्याचा.

"उतार किती?" मी विचारलं.

"ताई, मोजणीवाल्या तुम्ही. मी काय सांगणार?"

मी पाणसळ ठेवून मोजला. दहा फुटांना एक फूट, म्हणजे दहाला एक.

"ही चहाच्या कपालाही पाणसळ लावते," दादा ऑपरेटरला म्हणाला. "नवरा मिळाला तो सरळ निघाला म्हणून. नाहीतर परत पाठवला असता."

असं तो खूप दिवसांनी बोलला होता.

डबा मागे घेणं सोपं नसतं. त्याला उजवीकडे वळवायचं तर मोटारीचं चाक डावीकडे फिरवावं लागतं, आणि एकदा का कोन बिघडला की सगळं परत पुढे न्यावं लागतं. दादा हळूहळू उतारावरून मागे येत होता, मी खालच्या बाजूला उभी राहून हात दाखवत होते. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा डबा दोन होड्यांच्या मधल्या जागेत असा बसला, जणू तिथूनच निघाला होता. मी दोन्ही चाकांच्या खालच्या अंगाला लाकडी ठोकळे सारले, ब्रेक ओढला, दादाने मोटार सोडवून वर नेली. डबा उताराला तोंड वर करून उभा राहिला.

तिथे काम संपलं होतं.

डब्याच्या चार कोपऱ्यांना चार पाय आहेत, हँडल फिरवलं की खाली येणारे. माणसं आत राहणार असतील तरच ते टेकवायचे, हा बाबांचा नियम. रिकाम्या डब्याचे पाय टेकवायचे नाहीत. का, विचारलं तर एरवी म्हणायचे सांगाडा पिरगळतो. एकदा म्हणाले, "त्याला वाटतं, आपण राहायला आलो."

आणि चौथा पाय टेकला की बाबा बाहेरून विचारायचे, "किती?" आम्ही आतून भिंतीवर ठोकायचं. पहिली आई, तळहाताने. मग दादा, बोटांच्या पेरांनी, दोनदा, घाईघाईने. शेवटी मी. माझी बुक्की बाहेर ऐकू जायची नाही म्हणून मला दोरीला बांधलेला चमचा दिला होता. निघताना पाय उचलण्याआधीही तसंच. तीन जण वाजले की बाबा निघायचे.

एकदाच चुकलं. मी सहा वर्षांची होते. बाबांनी विचारलं, तिघांनी ठोकलं, आम्ही निघालो. चाळीस किलोमीटरवर थांबून दार उघडलं तर दादा आत नव्हता. आई पुढे ओट्याशी होती, मी मागे, मधे पडदा. परत गेलो तेव्हा तो गवतात, चार पायांच्या खुणांमध्ये बसलेला. आई म्हणाली, दोघींचेच ठोके आले असतील, घाईत तुम्हाला तिघांचे वाटले.  मी कुणाला सांगितलं नाही. आईचा हात आणि माझा चमचा, यांच्या मधे मी पेरांचे दोन ठोके ऐकले होते.

मी वळून बघितलं तर दादा खाली वाकून हँडल फिरवत होता.

"दादा, पाय कशाला?"

"अगं, हात आपोआप गेले." पण थांबला नाही. तीन पाय टेकले होते. चौथाही टेकला. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि बाबांच्या आवाजात, थट्टेने, म्हणाला, "किती?"

आतून तळहाताची एक थाप आली.

मग शांतता. फार नाही. पेरांनी दोनदा ठोकायला लागतो तेवढाच वेळ.

मग खालून, जमिनीपासून दोन फुटांवरून, स्टीलचा एक टोला.

"आत कोण आहे?" ऑपरेटर म्हणाला. "इथे झोपायची परवानगी नाही हं. आधीच सांगितलंय."

किल्ली माझ्या खिशात होती. मी कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. पत्रा गार पडला की आकसतो, आवाज करतो. मी तसं मोठ्याने म्हटलंही. दाराला आतून लावायची बाबांची पितळी कडी मोकळी होती. चमचा भिंतीला टेकून स्थिर लोंबत होता.

दादा माझ्या मागोमाग चढला आणि मधल्या बाकावर बसला. मग आडवा झाला. बूट न काढता.

"माझी जागा सोडली होती," तो म्हणाला. "ऐकलंस ना?"

"पत्रा होता तो."

"बरं, पत्रा." त्याने डोळे मिटले. "किती सरळ वाटतं गं इथे. चार महिन्यांत पहिल्यांदा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मीही सरळ उभी होते. उतारावर उभं राहिलं की पोटऱ्या ताणतात. ताणत नव्हत्या.

मी पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. उलटी फिरवून ठेवली. मधोमध. बाहेर येऊन डब्याच्या खालच्या कडेला लावली. दहाला एक. पुन्हा आत. मधोमध. दाराच्या उंबऱ्याशी मी टेपने डब्याच्या तळाची जाडी मोजली, पुढच्या टोकाला मोजली, मागच्या टोकाला मोजली. सारखी. बाहेरून डबा उतारावर होता. आतून नव्हता. खिडकीतून ऑपरेटर दिसत होता. तो तिरका उभा होता.

"दादा, चल. आई वाट बघतेय."

"मी इथे बरा आहे."

"तिने ताट घेतलंय तुझं."

तो भिंतीकडे तोंड करून वळला. मग म्हणाला, "पाय वर घे. बाबा घ्यायचे तसे. आधी विचार, मग घे. मग उतरतो."

"हे काय पोरखेळ?"

"विचार ना."

मी खाली उतरले. दार माझ्यामागे लागलं. मी हँडल चौथ्या पायाला लावलं. ऑपरेटर शटरपाशी जाऊन उभा राहिला होता.

मी विचारलं, "किती?"

तळहात.

पेरं, दोनदा, घाईघाईने.

चमचा.

"आता भरले," ऑपरेटर लांबून म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

मी एकेक पाय वर घेतला. चौथा जमिनीवरून सुटला तेव्हा लक्षात आलं, दादा माझ्या शेजारी उभा आहे. दार वाजलेलं मी ऐकलं नव्हतं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"चल," तो म्हणाला. "भूक लागली आहे."

वाटेत तो बोलत होता. वहिनीला फोन करतो म्हणाला. आईकडे काही दिवस राहतो म्हणाला. मी सगळ्याला हो म्हणत होते. मागच्या सीटवरची उशी त्याने आईच्या दारात स्वतःहून काढून घेतली.

आईने दार उघडलं आणि त्याच्या गालावर हात ठेवला. "गार किती आहेस," एवढंच म्हणाली.

तीन ताटं. दादा भरपूर जेवला. आईला हसवलं. तीही कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. तिने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्याच्याकडेच बघत बसली.

मी ग्लासाकडे बघत होते.

उठून बॅगेतून पाणसळ आणली, टेबलावर ठेवली. दादा हसला. "आता टेबलालाही?"

बुडबुडा मधोमध होता. टेबल सरळ होतं. ग्लास सरळ उभा होता. आतलं पाणी दादाच्या बाजूला कललेलं होतं, दहाला एक.

त्याने ग्लास उचलला आणि प्यायला.

"अजून देऊ?" आईने विचारलं.

*

सिनेमागृहातून निघताना, दादा मोटारीत जाऊन बसल्यावर, कुलूप लावण्याआधी, मी डब्याचं दार एकदा ओढून पाहिलं होतं. आतून कडी घातलेली होती.