'वनमाला'वरचा स्टोव्ह

खारदांड्यापासून सत्तर मैलांवर, भर समुद्रात पाण्याखाली बुडालेला एक खडक होता. कोळी त्याला 'म्हातारी' म्हणत. वर्षापूर्वी उत्तराने त्या खडकावरच्या पोवळ्यांत एक यंत्र बांधून ठेवलं होतं. तिथला समुद्र रोज किती तापतो याची नोंद त्यात साठत होती. तिचा सगळा अभ्यास त्या डबीएवढ्या यंत्रात अडकला होता. ते काढून आणण्यासाठी दिवाळीच्या आठवड्यात 'वनमाला' ही शिडाची बोट खारदांड्याहून निघाली.

बोटीवर तिघं होते. वाकोल्याच्या सिद्धेशने ही बोट स्वतःच्या हातांनी बांधली होती आणि तिला आईचं नाव दिलं होतं. खारदांड्याचे धर्माकाका साठी ओलांडलेले, पण दर्यावर अजून पाय न डळमळणारे. आणि मुलुंडची उत्तरा.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक तरंगता ओंडका बोटीवर आदळला. धाड्! इंजिनाचा पंखा तुटला, पुढची फळी उसवली आणि फळीमागची पाण्याची टाकी तडकली. धर्माकाकांनी कापूस आणि डांबर ठासून भोक बुजवलं, पण तोवर टाकीत समुद्र शिरला होता. वायरलेसवर कितीही हाका मारल्या तरी उत्तर येईना. दिवाळीमुळे मासेमारीच्या बोटी बंदरातच होत्या. त्यात वारा पडला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबू लागली आणि वर ऊन नुसतं आग ओकत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलं.

"कुकर आहे आपल्याकडे," उत्तरा म्हणाली. "शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवू. खारं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची. प्यायचं पाणी मिळेल."

"वारा येईल," सिद्धेश तुसडेपणाने म्हणाला. "एवढी घाबरतेस तर मुलुंडलाच बसायचं होतंस ना!"

"आणि नाही आला तर? बोट बांधलीस म्हणून वाऱ्यालाही हुकूम सोडणार का?"

"सिद्धेश, पोरगी बरोबर बोलतेय," धर्माकाका मध्ये पडले. "स्टोव पेटव."

गळलेला गॅस बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने बोट उडते, म्हणून सिद्धेशने सिलिंडर कधीच बोटीवर चढू दिला नव्हता. त्याच्याकडे रॉकेलचा पितळी स्टोव्ह होता. उत्तराने हात पुढे केला, तसा तो खेकसला, "माझी बोट, माझा स्टोव्ह. हात लावू नकोस!"

त्याने काकडा पेटवून बर्नरला लावला आणि लगेच पंप मारायला सुरुवात केली.

"थांब! बर्नर अजून थंड आहे!"

तो थांबला नाही. रॉकेलची वाफ होण्याऐवजी धारच उडाली. भक्कन भडका झाला! ज्वाळा छताला भिडली. त्याच क्षणी बोट कलली. स्टोव्ह घसरला. सिद्धेशने तो हातानेच अडवला आणि किंचाळला! उत्तराने झेप घेतली. हवेची चावी सोडली. फुस्स! ज्वाळा खाली बसली. धर्माकाकांनी भिजवलेलं गोणपाट वरून टाकलं. धूर, खोकला आणि जळक्या केसांचा वास.

सिद्धेशचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. धर्माकाका त्यावर बादलीने समुद्राचं पाणी ओतत राहिले आणि तो दात आवळून बसला. उत्तराला त्याची कीव आली नाही. तिला राग आला होता. पण तिने स्टोव्ह पुढे ओढला. तिच्या वडिलांचं घाटकोपरला स्टोव्ह-कुकर दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथेच बसायची.

तिने स्टोव्हमधलं आणि कॅनमधलं उरलेलं रॉकेल एका रिकाम्या पारदर्शक बाटलीत ओतलं. थोड्या वेळाने बाटलीत आडवी रेघ उमटली. वर रॉकेल, खाली पाणी!

"कॅनचं झाकण सैल होतं," ती म्हणाली. सिद्धेशने मान फिरवली.

वरचं रॉकेल तिने अलगद वेगळं केलं. बर्नरचं निपल, वाफ सुटायची बारीक तोटी, काढून उन्हासमोर धरलं, तर भोकातून उजेड येईना. मिठाने आणि काजळीने ते गच्च बुजलं होतं. पिन घातली, ती कट्कन मोडली. मग तिने वायर सोलून तिच्यातला केसाएवढा एकच धागा काढला आणि घाम पुसत तो आत सारत राहिली. शेवटी भोकात सुईच्या टोकाएवढा उजेड चमकला!

पण पंप हवा धरेना. त्याचा चामडी वॉशर वाळून चिरला होता.

"चामडं हवं," ती पुटपुटली.

धर्माकाकांनी पायातली चप्पल काढून तिच्यासमोर टाकली. "काप, बाय."

तिने पट्ट्यातून गोल तुकडा कापला, खोबरेल तेलात मुरवला, दांड्यावर चढवला. या वेळी काकडा पुरता जळू दिला. मग पंप मारला. निळी ज्योत आली आणि विझली. सिद्धेश कडवट हसला. उत्तराने पुन्हा निपल साफ केलं, पुन्हा काकडा लावला.

भर्रर्र! ज्योत स्थिर झाली.

कुकर चढला. नळीवर धर्माकाका ओली फडकी बदलत राहिले. अर्ध्या तासाने नळीच्या तोंडाशी पहिला थेंब जमला. पेल्याचा तळ भरला तेव्हा धर्माकाकांनी जिभेला लावून पाहिलं.

"गोडं हाय!"

उत्तराने तो पेला सिद्धेशपुढे धरला. तिला तो द्यावासा वाटत नव्हता, पण भाजलेल्या माणसाला पाणी आधी लागतं. त्याने तिच्याकडे न बघता तो रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीड फडफडलं. वारा! पण तो ईशान्येचा होता; घरापासून दूर, थेट म्हातारीकडे नेणारा.

सिद्धेश उठून उभा राहिला. "तीन तास! तुझं यंत्र काढू आणि मग वळू."

उत्तराचे डोळे लकाकले. वर्षभराच्या नोंदी तीन तासांवर! तिने रॉकेलची बाटली उचलून पाहिली. मग सिद्धेशचा हात पाहिला. फोड फुटले होते, कडा पिवळ्या पडत होत्या.

"या उलट्या वाऱ्यात इथून घर दोन दिवस," ती म्हणाली. "तिथे जाऊन, यंत्र शोधून निघालो तर तीन. रॉकेल दोन दिवसांचंच आहे आणि तुझा हात पिकायला लागलाय. बोट वळव."

"तुझंच काम आहे ते! माझं नाही!"

"म्हणूनच मी सांगतेय. वळव!"

धर्माकाकांनी सुकाणू आधीच वळवलं होतं.

दोन दिवस ते वाऱ्याविरुद्ध नागमोडी झुंजत राहिले. लाटा तोंडावर फुटत होत्या, उसवलेली फळी गळत होती. उत्तरा मांड्यांत स्टोव्ह घट्ट धरून बसायची आणि पेल्यापेल्याने पाणी वाटायची. सिद्धेश पेला पाठ फिरवूनच घ्यायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खारदांड्याचा धक्का दिसला, तेव्हा बाटलीत तळ ओला होण्याइतकंही रॉकेल नव्हतं.

पुढच्या दिवशी दुपारी उत्तरा धक्क्यावर उभी होती. पश्चिमेला आभाळ शिसवासारखं काळं झालं होतं आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढत होता. खोल समुद्रात वादळ उठलं होतं, म्हातारीच्याच बाजूला.

दवाखान्यातून पट्टी बांधून आलेला सिद्धेश तिच्या शेजारी थांबला. त्याने बावट्याकडे पाहिलं.

"यंत्र गेलं असेल," तो म्हणाला.

"गेलं असेल."

त्याने खाली पडलेला जाड दोर पायाने तिच्याकडे सरकवला.

"दुसरं टोक धर. एका हाताने मला वादळाआधी बोट बांधता येणार नाही."