मुलीला कुणी विचारलं?

खुर्ची एकच उरली होती आणि दोघांनीही तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही मुलीकडच्या?" त्यानं विचारलं.

"मुलीकडची दुभाषी."

"मी मुलाकडचा." खुर्ची तिच्याकडे सरकवून तो खिडकीच्या कट्ट्यावर टेकला.

कापडाच्या व्यापारातली दोन जुनी घरं सोयरीक जुळवायला बसली होती. मुलाला मुलीकडची भाषा मोडकीतोडकी यायची. बाकीच्यांना एकमेकांचं ओ की ठो कळत नव्हतं.

तासभर सगळं सुरळीत चाललं. मुलीकडचं बोलणं ती सांगायची, मुलाकडचं तो; ती बोलत असताना तो वहीत टिपायचा. मधूनच मान वर करायचा... आणि तिचा एखादा शब्द अडखळायचा.

मग मुलाच्या आईनं विचारलं, "मुलीला हा पसंत आहे ना?" त्यानं प्रश्न पलीकडे पोचवला.

मुलीचे आजोबा हसले. "आमच्यात मुलीला विचारत नाहीत. ती गप्प आहे, म्हणजे होकारच."

हे पलीकडे सांगायचं काम दुभाषीचं होतं. मुलाच्या घरात जो तो आपला जोडीदार स्वतः निवडायचा. हे जसंच्या तसं सांगितलं तर त्याची आई उठून जाईल. गोड करून सांगावं, तर खिडकीतल्याला दोन्ही भाषा येतात. त्याचं पेन थांबलं होतं. मुलगी नखानं टेबलाची कड खरवडत होती.

दुभाष्यानं जे कधीच करायचं नसतं, ते तिनं केलं. मुलीकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला त्यांच्याशी एकटीनं बोलायचंय," मुलाकडे पाहत मुलगी पुटपुटली.

"या बाईला मध्ये तोंड घालायला कुणी सांगितलं?" आजोबांचा आवाज चढला.

गेलं काम, तिच्या मनात आलं.

"मी सांगितलं." खिडकीतला तो आजोबांच्याच भाषेत, शांतपणे बोलत होता. "प्रश्न मुलीबद्दल होता, आजोबा. उत्तर तिचंच हवं." मग मुलाच्या आईकडे वळून त्यानं मुलीचं म्हणणं शब्दन्‌शब्द सांगितलं.

आजोबांनी नातीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"जा," ते म्हणाले. "दार मात्र उघडं ठेवा."

मुलगा-मुलगी शेजारच्या खोलीत गेली. दोघे दुभाषी बाहेर व्हरांड्यात आले.

"खोटं का बोललात?" तिनं विचारलं.

"तुमचं काम गेलं असतं, तर पुढच्या बैठकीत माझ्यासमोर कोण बसलं असतं?" तो जरा थांबला. "तुमच्या घरी... कसं ठरतं?"

"मावशी ठरवते, मी मोडते. रविवारी सहावा येतोय. आणि तुमच्याकडे?"

"आई म्हणते, तू आण, मी नावं ठेवते."

ती हसली. तो हसला नाही.

"रविवारी... सहाव्याऐवजी मी आलो तर?"

ती काही बोलणार, तोच आतून मुलीचा स्पष्ट 'हो' ऐकू आला. पाठोपाठ आजोबांचं खाकरणं. तिनं पर्समधून फोन काढला.

"मावशी, त्या लोकांना आजच नको म्हणून कळव. नाही... रविवार राहू दे. दुसरं कुणीतरी येतंय. हो, मीच बोलावलंय." मग फोनवर हात ठेवून त्याला म्हणाली, "किती वाजता, विचारतेय."

"दहाला."

"नऊला," तिनं मावशीला सांगितलं.

"मी दहा म्हणालो."

"ऐकलं मी," ती म्हणाली.