मळके हात

कड्यावरच्या झऱ्यातून एक बाटली पाणी आणायचं, एवढीच मोहीम. ऐकायला किती सोपी! पण खालच्या वस्तीच्या तळ्यात तणनाशक उतरलं होतं. झराही तसाच निघाला, तर चाळीस घरांना बिऱ्हाड हलवावं लागणार होतं.

प्रयोगशाळेचा दंडक असा, की नमुना घ्यायला दोघं हवीत. 'स्वच्छ हात' फक्त बाटलीला लागायचे. दोर, दगड, बाकी सगळी उस्तवार 'मळक्या हातां'ची. बारा वर्षं प्रयोगशाळेसाठी नमुने आणणारी ती स्वच्छ आणि तिचा नवरा मळका. मागच्या हिवाळ्यात तो तापाने गेला. साहेब दुसरा माणूस द्यायला तयार होते, पण बाई हट्टी! एकटीच निघाली.

तीन तासांची चढण, आणि बोलायला चिटपाखरू नाही. सवयीने ती दोनदा म्हणाली, "दोर सैल सोड." मग स्वतःच सोडला.

झऱ्याशी पाऊल टेकण्यापुरतीच जागा होती. तिने उजव्या हातात कोरा हातमोजा चढवला, डाव्याने मुळी धरली आणि वाकून बाटली भरली. तेवढ्यात मुळी उपटली! पाय सटकला! तिने बाटली सोडली. उजव्या हाताने कपार पकडली. खाली काच फुटल्याचा आवाज आला.

ती कशीबशी वर सरकली आणि ढसाढसा रडली. "तू असतास तर ही वेळ आली नसती," ती मोठ्याने म्हणाली.

आता उरली होती दुसरी बाटली. तिच्यात प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी होतं. ते इथे उघडून तसंच परत न्यायचं, म्हणजे वाटेत विष मिसळलं का ते कळतं. ती साक्षीदार बाटली रिकामी केली आणि नमुन्यात विष निघालं, तर ते झऱ्याचं की तिच्या हाताचं, कोण सांगणार? पण निघालंच नाही, तर साक्षीदार हवाय कशाला! तिने पाणी ओतून टाकलं. नवा हातमोजा. बाटली झऱ्याच्या पाण्याने तीनदा विसळली, काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. तणनाशकाचा मागमूस नाही! चाळीस घरं जागच्या जागी राहिली.

नमुन्याच्या कागदावर सह्यांच्या दोन जागा अजून रिकाम्या होत्या. 'स्वच्छ हात' इथे तिने झटकन सही केली. 'मळके हात' इथे पेन बराच वेळ अडलं. शेवटी तिथेही स्वतःचीच सही करून ती साहेबांकडे गेली.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "सोबत माणूस द्या."